काळी गाठ, पांढरी गाठ

बाटलीत नऊ गोळ्या होत्या. पांढऱ्या कागदावर ओतून मी त्या दोनदा मोजल्या, परत भरल्या आणि झाकण घट्ट लावलं. चार आठवड्यांपूर्वी सील फोडलं तेव्हा तीस होत्या. म्हणजे एकवीस गेल्या. बाटली म्हाळसाबाईंची. त्यांच्या फॉर्मवर ‘या आठवड्यात छातीत किती वेळा दुखलं?’ या प्रश्नापुढे चारही रकान्यांत माझ्याच अक्षरात एकच उत्तर होतं. दोन, दोन, दोन, दोन.

दुखलं की बसायचं आणि एक गोळी जिभेखाली ठेवायची, असं आम्हीच त्यांना शिकवलं होतं. आठ दुखण्यांना एकवीस गोळ्या लागत नाहीत. शिवाय माणसाच्या शरीरातली कुठलीच गोष्ट चार आठवडे इतकी एकसारखी येत नाही, ही शंका मला पहिल्या पंधरवड्यातच यायला हवी होती. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. ही माझी पहिली नोकरी होती.

सिडकोतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात दर गुरुवारी ‘सोबत’ नावाचा कार्यक्रम चालतो. बारा आठवड्यांचा, अंजायना असलेल्या माणसांसाठी. अंजायना असलेल्या माणसाची हृदयाची नस अरुंद झालेली असते. तो स्वस्थ बसलेला असतो तोवर तिच्यातून जाणारं रक्त पुरतं. तो जिना चढायला लागला किंवा थंडीत बादली उचलली, की हृदय जास्त मागतं, ते मिळत नाही आणि छाती आवळून येते. थांबलं की सुटते. अशा माणसांनी किती चालायचं, कुठं थांबायचं, गोळी कधी घ्यायची, आणि दुसऱ्या गोळीनंतरही पाच मिनिटांत सुटलं नाही तर लगेच १०८ला फोन करायचा, हे सगळं तिथं शिकवतात. माझं काम मोजण्याचं होतं.

म्हाळसाबाईंचं वय एकसष्ट. करमाडच्या अलीकडे माळाला लागून घर, घराला लागून मेंढवाडा. त्यांची अँजिओग्राफी झालेली होती. एक नस ऐंशी टक्के बंद, पण इतकी बारीक आणि वळणाची की तिथं स्टेंट बसत नाही. औषधं आणि चालणं, एवढाच इलाज. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या तीस मीटरच्या व्हरांड्यात आम्ही त्यांची सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेतली. दोनशे बारा मीटर. मधे दोन वेळा खुर्चीत बसावं लागलं.

त्याच दिवशी मी माहिती भरून घेत होते.

“मावशी, मेंढरं किती?”

“हायेत दोन खंडी.”

“नातवंडं?”

“दोन.”

शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा खंडेराव जरा हसला. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात फिटर आहे. तो का हसला ते मी विचारलं नाही. नातवंडं पाच आहेत हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तर, त्या नऊ गोळ्या मोजल्यावर मी जे केलं ते शास्त्राच्या दृष्टीनं बरोबर आणि बाकी सगळ्या दृष्टींनी चूक होतं. बाटली आणि फॉर्म घेऊन मी तशीच डॉक्टर सत्यशीला मॅडमच्या खोलीत गेले. म्हाळसाबाई तिथं बसल्या होत्या आणि खंडेरावही होता. मी म्हणाले, “मॅडम, आठ सांगितलेत, पण गोळ्या एकवीस गेल्यात.”

खंडेराव खुर्चीतून उठला. “एकवीस?”

म्हाळसाबाईंनी त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. “पोरी, मोजल्यास व्हय?”

“मावशी, ते माझं कामच आहे.”

“आन् मोजून बोललीस बी.”

मॅडमनी तेव्हाच ईसीजी काढला. महिन्यापूर्वीच्या ईसीजीसारखाच निघाला. बसल्या जागी दुखतं का, झोपेतून उठवतं का, हे चार तऱ्हांनी विचारलं. म्हाळसाबाई चारही वेळा नाय म्हणाल्या. पण खंडेरावाच्या कानात एकवीसच घुमत होता.

“बास झालं माय,” तो म्हणाला. “सांडू शेठ दिवाळीपासून मेंढरं मागायलाय. रविवारी बोलावतो त्याला. सगळीच्या सगळी देऊन टाकू.”

“मेंढरं तुही हायेत का?”

“तू माही हायेस ना.”

“मी बी तुही नाय. काळीज माह्या छातीत हाय, तुह्या दावणीला नाय बांधलेलं.”

तो मॅडमकडं वळला. आवाज खाली आला होता. “मॅडम, माझे वडील त्याच माळावर गेले. पित्त हाय, पित्त हाय म्हणीत गेले. मी कंपनीतून पोचलो तवर तासभर झाला होता. उशाला कुत्रं बसलं होतं.”

मग म्हाळसाबाई उठल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, “तुझा बा थांबत नव्हता. मी थांबते.” आणि बाहेर पडल्या.

ते गेल्यावर मॅडमनी माझ्या हातातला फॉर्म काढून घेतला. “अक्षदा, तू आजवर किती मेंढ्या राखल्यास?”

“एकही नाही.”

“मग परवा जा. तिच्याबरोबर चालून ये. हे इथं ठेव.”

शनिवारी सकाळी मी सिडको बसस्टँडवरून जालन्याच्या एसटीनं निघाले आणि करमाडच्या अलीकडच्या फाट्यावर साडेआठला उतरले. डिसेंबरचा दुसरा आठवडा, वारा बोचरा. मला वाटलं होतं, उशीर झाला. पण मेंढरं वाड्यातच होती.

“दव वाळल्याबिगर सोडीत नसतेत,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “ओल्या गवतानं पोट फुगतं. तू काय खाल्लंस?”

“पोहे.”

“त्ये काय खाणं हाय? घे, भाकर घे.”

मुद्द्याचं बोलायला मी तोंड उघडलं, की त्या हातावर आणखी काहीतरी ठेवत. गुरुवारचा विषय त्यांनी काढला नाही. साडेनऊला वाडा उघडला. मेंढरं बाहेर पडताना मी मनातल्या मनात मोजली. आकडा इथं लिहीत नाही. तो दोन खंडींच्या, म्हणजे चाळिसाच्या, जवळपासही नव्हता.

त्या माझ्यापुढे चालत होत्या. काखेत काठी, कमरेला लोकरीची पिशवी, हातात सूत काढायची चाती. चालता चालता चाती फिरत होती आणि लोकरीचा धागा होत होता. मी घड्याळाकडं बघून त्यांचा वेग मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, कारण त्या दर पन्नास पावलांनी कुठल्या तरी मेंढीशी भांडायला थांबत होत्या. त्यांना ते थांबणं वाटतच नव्हतं.

माळाचा चढ सुरू होतो तिथं एक सपाट दगड आहे. म्हाळसाबाई त्यावर बसल्या. बाटली काढली, एक गोळी जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटले.

मी धावत पुढं झाले. “दुखतंय? मावशी, छातीत दुखतंय?”

त्यांनी हातानंच गप्प बस म्हणून खुणावलं. गोळी विरघळल्यावर म्हणाल्या, “दुखंल म्हणून घेतली. दुखतंय म्हणून नाय.”

“असं कुणी सांगितलं?”

“तुमच्याच मॅडमनी. दुसऱ्या गुरवारी. पुढं चढ दिसला तर आधीच बसून एक ठेवा म्हणल्या, जरा दम खाऊन मग चढा. तू नव्हतीस का?”

मी होते. मागच्या बाकावर बसून फॉर्म क्रमानं लावत होते.

तीन-चार मिनिटांनी त्या उठल्या आणि चढायला लागल्या. सावकाश. मी मागोमाग. निम्म्यात मला दम लागला, त्यांना नाही. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी कमरेच्या पिशवीतून लोकरीचे दोन धागे काढले, एक काळा, एक पांढरा. पांढऱ्याला एक गाठ मारली आणि परत ठेवायला लागल्या.

“हे काय आहे?”

“कुटं काय?”

“मावशी.”

त्यांनी जरा वेळ माझं तोंड बघितलं. मग धागे माझ्या हातात दिले. “बघ. पण वाचून दाखवू नकं.”

पांढरी गाठ म्हणजे चढाच्या आधी घेतलेली गोळी. काळी गाठ म्हणजे खरंच दुखलेलं. दर रविवारी, खंडोबाच्या वारी, दोन्ही धाग्यांना भंडाऱ्याचं बोट लावलेलं. पिवळ्या ठिपक्यांनी आठवडे पाडले होते. मी उन्हाकडं तोंड करून बसले आणि एकेक गाठ बोटानं पुढं सरकवत गेले. मागच्या गुरुवारपर्यंतच्या पांढऱ्या गाठी पंधरा. काळ्या सात. पहिल्या आठवड्यात चार, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक, चौथ्यात एकही नाही.

मी ज्या महिन्याचं दुखणं सपाट रेघ म्हणून लिहून ठेवलं होतं ते चार, दोन, एक, शून्य असं उतरत आलं होतं. माझ्या फॉर्ममध्ये काळ्या गाठीला रकाना होता. पांढऱ्या गाठीला रकानाच नव्हता.

“पण ह्या मिळून बावीस होतात,” मी म्हणाले. “गोळ्या एकवीस गेल्यात.”

“बोललीसच ना!” त्यांनी धागे ओढून घेतले. मग म्हणाल्या, “एकदा नुसती बसले. गेलं आपोआप. गोळी नाय खाल्ली.”

“मग मला दर आठवड्याला दोनच का सांगितलंत?”

“कुणी इचारलं की दोन म्हणायचं. माह्या सासूनं शिकवलंय. सरकारी माणूस असू दे, पाव्हणा असू दे, व्यापारी असू दे. दोन म्हणलं की त्यो बी पुढं इचारीत नाय. मोजलेलं तोंडानं बोलू नये, घटतं.”

“दुखणं घटलं तर बरंच की.”

“येडी का काय! मेंढरं घटतेत. दुखणं वाढतं. आकड्याला काय कळतंय, कोणतं घटवायचं त्ये?” आणि त्या इतक्या हसल्या की काळ्या नावाचं त्यांचं कुत्रं उठून बघायला आलं.

मी विचारलं, “मेंढरं खरंच विकली तर?”

हसू गेलं. त्यांनी चाती परत फिरवायला घेतली. “घरात बसंन. छातीकडं बघत बसंन. हितं मला दुखण्याकडं बघायला टाइमच नसतो. त्यानंच कमी झालंय, तुमच्या गोळीनं नाय.”

“गोळीनंही झालंय.”

“बरं, गोळीनं बी. पण घरात बसल्यावर गोळी काय करंल? चढ कुटंय तितं?”

दुपारी खंडेराव पहिली पाळी करून आला. मी त्याला धागे दाखवले, म्हाळसाबाईंच्या परवानगीनं. आकडे बोलले नाही. त्यानं काळ्या धाग्यावर बोट फिरवलं. ह्या गाठी त्याला वाचता येत होत्या. त्याच घरात तो वाढला होता.

“शेवटच्यात एक बी नाय?”

“नाय,” म्हाळसाबाई म्हणाल्या.

“पण माय, पांढऱ्या बघ किती हायेत. म्हंजे रोज तू तिथं जायलीस जिथं दुखू शकतं.”

“तू रोज जातूस की मशिनीकडं. तिथं बोट तुटू शकतं. म्हणून काय मी तुही कंपनी इकते का?”

त्याला हसू आलं आणि त्यानं ते आवरलं. तो अंगणात दोन फेऱ्या मारून परत आला. “ताई, मला एक सांगा. तिथं दवाखान्यात चालवता ना तुम्ही? शेवटचं कधी हाय?”

“फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारी.”

“वाड्यापासून माथ्यापर्यंत किती असंल?”

घरात पाण्याच्या पाइपाच्या कामासाठी आणलेली तीस मीटरची टेप होती. आम्ही दोघांनी ती धरून अंतर मोजलं. अकरा टेपा आणि वर दहा मीटर. तीनशे चाळीस.

“एवढं,” खंडेराव म्हणाला. “तुमच्या सहा मिनिटांत एवढं चालली, न थांबता, न दुखता, तर सांडू शेठला मी स्वतः नाय म्हणतो. नाय चालली तर तिनं गुमान काठी माझ्या हातात द्यायची.”

मी त्याला सांगितलं की चढावरचा मीटर आणि फरशीवरचा मीटर सारखा नसतो. चढाला सहा मिनिटांचं बंधन नाही, तिथं माणूस मधे बसू शकतो, आणि थांबता येणं हेच तर आम्ही शिकवतो. ती चाचणी मेंढरं ठेवायची की विकायची हे ठरवण्यासाठी नाहीच. तो ऐकून घेत राहिला.

“खरं हाय तुमचं. पण ताई, मला रातपाळीला मशिनीपुढं उभं राहावं लागतं. तिथं मला धरून ठेवायला एक आकडा पाहिजे.”

मी म्हाळसाबाईंकडं बघितलं. त्या नाही म्हणतील असं मला वाटलं होतं.

“लिही पोरी,” त्या म्हणाल्या. “पण तोंडानं म्हणू नकं.”

त्यानंतरच्या गुरुवारी मी फॉर्म बदलून आणला. दोन रकाने, एक काळा, एक पांढरा. ज्यांना लिहिता येत होतं ते लिहीत. म्हाळसाबाई धागे टेबलावर ठेवत आणि मी ते मुकाट्यानं उतरवून घेई. गटात बिभीषणकाका होते, पैठण आगाराचे निवृत्त एसटी ड्रायव्हर, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलेले आणि तरी जिन्यात छाती धरणारे. त्यांना हे धागे फार आवडले.

“अक्का, तुम्ही चालता कशा ते मी बघितलंय व्हरांड्यात,” ते म्हणाले. “पहिल्याच मिनिटाला टॉप गेअर. मग इंजिन गरम झालं की शिव्या इंजिनाला. चढ दिसला की आधी गेअर पाडायचा असतो, गाडी कण्हायच्या आधी.”

“तुमची यष्टी बंद पडायची तवा माहीच मेंढरं पुढं जायची,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “मला नका सांगू गेअर.”

पण पुढच्या गुरुवारी व्हरांड्यात त्या पहिल्या फेरीला मुद्दाम हळू चालल्या. बिभीषणकाकांनी खुर्चीतूनच हॉर्न वाजवल्याचा आवाज काढला.

रोज सपाटीवर चालायचं वेळापत्रक होतं. आधी आठ मिनिटं, मग दहा, मग पंधरा. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये, हे मॅडमचं माप. म्हाळसाबाईंनी ते मेंढ्यांवर बसवलं. लांबच्या मेंढीला हाक मारता आली तर वेग बरोबर, हाक अर्ध्यात तुटली तर जास्त. मॅडमनी हे माप वहीत लिहून घेतलं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात थंडीची लाट आली. त्या गुरुवारी काळ्या धाग्याला तीन नव्या गाठी होत्या. टेबलापाशी उभ्या असलेल्या खंडेरावानं त्या बघितल्या. मीही बघितल्या. तोवर सलग चार आठवडे तो धागा कोरा होता.

“माय,” तो म्हणाला.

“लपवायचं असतं तर दोन म्हणले असते,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “तुला दाखवलंय ना? मग वरडू नकं.”

तो ओरडला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला. मॅडमनी प्रत्येक गाठ वेगळी विचारली. तिन्ही सकाळच्या, तिन्ही वारा तोंडावर घेऊन चालतानाच्या, तिन्ही एका गोळीत गेलेल्या. ईसीजी झाला. संध्याकाळची एक गोळी वाढवली. नाकातोंडावरून मफलर घ्यायचा आणि थंडी असेपर्यंत मेंढरं तासभर उशिरा सोडायची, असं ठरलं.

“तासभर उशिरा सोडली तर दिवस किती उरतो?” म्हाळसाबाईंनी विचारलं.

“जेवढा उरतो तेवढा,” मॅडम म्हणाल्या.

जिना उतरताना बिभीषणकाका त्यांना म्हणाले, “अक्का, सोडा हट्ट. मी बी गाडी सोडलीच की.”

“तुम्हाला सरकारनं उतरवलं. मला कोण उतरवतंय बघते.”

दुसऱ्या दिवशी खंडेरावाचा मला फोन आला. मफलर कुठला चांगला, लोकरीचा की कॉटनचा, असं विचारत होता. मी म्हटलं, तुमच्या घरात लोकर कमी आहे का? तो म्हणाला, ती टोचते, आणि फोन ठेवला. पुढच्या गुरुवारी म्हाळसाबाईंच्या गळ्यात निळा, दुकानातला मफलर होता. काळ्या धाग्याला एक गाठ. त्याच्या पुढच्या गुरुवारी एकही नाही.

फेब्रुवारीचा दुसरा गुरुवार. व्हरांड्यात दोन्ही टोकांना खुर्ची, एका टोकाला ऑक्सिजन, गोळ्यांची नवी बाटली, मॅडम. दुसऱ्या टोकाला खंडेराव. रातपाळी करून तसाच आला होता. बिभीषणकाकांना बाहेर थांबायला सांगितलं होतं, म्हणून ते दारात थांबले.

मी नियम सांगितले. शक्य तेवढं चालायचं, पळायचं नाही. वाटलं तर थांबायचं, बसायचं. दुखलं तर त्या क्षणी सांगायचं.

“मावशी, नियमाप्रमाणे मला दर मिनिटाला किती मिनिटं उरली ते सांगावं लागतं. चालेल का?”

“मिनिटं माही नायेत. सांग.”

मी स्टॉपवॉच दाबलं.

पहिली फेरी त्यांनी सावकाश घेतली. वहाणा काढलेल्या होत्या आणि फरशीवर टाचांचा आवाज येत होता. चाती आणू दिली नव्हती तरी उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर फिरतच होती. मी प्रत्येक फेरीला कागदावर एक उभी रेघ मारत होते. दुसऱ्या टोकाला खंडेराव बोटं दुमडत होता.

“छान चाललंय. पाच मिनिटं उरलीत.”

दुसऱ्या मिनिटात वेग वाढला. वळताना त्यांनी मुलाकडं बघितलं नाही. तिसऱ्या मिनिटाच्या अखेरीला माझ्या कागदावर पाच रेघा पूर्ण होत्या आणि सहावी मारायच्या बेतात होते. मी आकडेमोड केली. काठावर होतं.

चौथ्या मिनिटाला त्या मंदावल्या. एकदम नव्हे, पण दिसेल इतक्या. ओठ मिटले गेले. खंडेराव एक पाऊल पुढं आला. मॅडमचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला.

“दुखतंय का?” मॅडमनी विचारलं.

“नाय.”

“खरं सांगा.”

“हाक मारता येती,” म्हाळसाबाई म्हणाल्या. आणि भर दवाखान्यात, लांबच्या मेंढीला मारतात तशी, एक लांबलचक हाक मारली. ती मधे तुटली नाही. खालच्या मजल्यावरचा वॉचमन वर बघायला आला.

“घाबरू नका हो,” दारातून बिभीषणकाका खंडेरावाला म्हणाले. “गेअर पाडलाय अक्कांनी.”

“दोन मिनिटं उरलीत,” मी म्हणाले.

वेग तसाच राहिला, कमी झाला नाही. आठवी रेघ. पाच मिनिटं झाली तेव्हा नववी रेघ मारून झाली होती आणि त्या दहाव्या फेरीच्या शेवटाकडं येत होत्या. खंडेरावाच्या एका हाताची सगळी बोटं दुमडलेली, दुसऱ्या हाताची चार. मग त्यानं दोन्ही हात खिशात घातले आणि मोजायचं थांबला.

“एक मिनिट उरलंय.”

दहावी रेघ. वळण. निळ्या मफलरचं टोक पाठीवर हलत होतं. अकरावी रेघ. त्या वळल्या आणि परत निघाल्या. स्टॉपवॉचवर शेवटचे दहा सेकंद मी बघत राहिले.

“थांबा.”

त्या होत्या तिथं थांबल्या. मी पायाच्या बोटांशी खडूची रेघ मारली. मॅडमनी खुर्ची आणली. त्या बसल्या, पण आधी खुर्ची स्वतः सरळ करून घेतली. मॅडमनी नाडी बघितली, रक्तदाब घेतला, छातीवर हात ठेवून विचारलं. म्हाळसाबाईंनी कमरेच्या पिशवीतून दोन्ही धागे काढले, मांडीवर ठेवले आणि एकालाही गाठ मारली नाही.

मी वळणापासून खडूच्या रेघेपर्यंत टेप लावली. शेवटच्या अर्धवट फेरीचे मीटर फॉर्मवर लिहिले, अकरा पूर्ण फेऱ्यांचे लिहिले, खाली बेरीज केली. एकदा परत केली.

खंडेराव जवळ येऊन उभा राहिला होता. किती, असं त्यानं विचारलं नाही. मी फॉर्म त्याच्याकडं फिरवला.

अंतर: ३५२ मीटर. थांबे: ०. छातीत दुखणं: ०.